उलटसुलट प्रश्न विचारणारी पोरं आणि परदेशातलं मानसशास्त्र – वर्गात नेमकं कसं शिकवायचं?

तोरणमाळचा_वारा:

नमस्कार मंडळी. मी शहाद्याकडच्या एका सीनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर, हे पाचवं वर्ष. पटावर पन्नासेक नावं आहेत, रोज येणारी वीस-बावीस आणि कापूस वेचणीच्या दिवसात दहासुद्धा येत नाहीत. निम्मी पोरं पाड्यावरून येतात, घरी भिली नाहीतर पावरी बोलतात, बाकीच्यांच्या घरी अहिराणी किंवा गुजरी, म्हणजे पुस्तकातलं मराठी हे त्यांना जवळजवळ परकंच, आणि त्या मराठीच्या मागे उभं असलेलं इंग्रजी तर अजून लांबचं.

मागच्या आठवड्यात वाढ आणि विकासमधला अ‍ॅटॅचमेंटचा, म्हणजे बाळ आणि आई यांच्यातल्या ओढीचा, भाग चालू होता. मेरी एन्सवर्थचा तो प्रसिद्ध प्रयोग, एक वर्षाचं बाळ आणि आई एका अनोळखी खोलीत, मग एक अनोळखी बाई येते, आई बाहेर जाते, एकदा तर बाळ एकटंच राहतं, आई परत आल्यावर बाळ कसं वागतं ते बघायचं आणि त्यावरून बाळाचं नातं सुरक्षित की असुरक्षित ते ठरवायचं. मी नेहमीसारखं फळ्यावर ए, बी, सी असे प्रकार लिहिले. तर मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, मॅडम त्या बाळाची आजी कुठे होती? मला आधी कळलंच नाही ती काय विचारते. ती म्हणाली आमच्या घरात बाळ एकटं कधीच नसतं, आई शेतात गेली तर आजीकडे, आजी नसली तर काकूकडे, कोणीच नसलं तर आठ वर्षांची बहीण कडेवर घेऊन फिरते, मग आमचं बाळ त्या खोलीत ठेवलं तर ते रडून रडून निळंच पडेल, म्हणजे आमची सगळी बाळं असुरक्षित का?

मी तिला काहीतरी उत्तर दिलं पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण असं प्रत्येक धड्यात होतंय. प्रयोग तिकडचा, माणसं तिकडची, आणि निष्कर्ष मात्र ‘माणूस असा वागतो’. त्यात मध्यंतरी एका कार्यशाळेत सांगितलं की आता अध्यापन आंतरराष्ट्रीय दर्जाचं करा. म्हणजे नक्की काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. इंग्रजीतून स्लाइड दाखवायच्या का? की शेवटी परदेशावर एक वेगळं प्रकरण जोडायचं? मला पोरांना ‘हे सगळं परकं आहे, सोडून द्या’ असंही सांगायचं नाही, कारण त्यांच्यातल्या एक-दोघी खरंच पुढे जाणाऱ्या आहेत, एकीला तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच व्हायचंय. आणि विज्ञान म्हणजे तिकडे घडतं आणि आपण इकडे फक्त पाठ करतो हे तर त्यांच्या मनात अजिबात बसू द्यायचं नाही. ज्यांनी शिकवलंय, बाहेर शिकलेत, किंवा या कामात आहेत त्यांनी जरा मोकळेपणी सांगा.

जुना_मास्तर_जळगाव:

ताई, तुमच्या त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. बत्तीस वर्षं शिकवलं मी, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तो प्रयोग दरवर्षी सांगितला पण माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नाही.

आता गंमत बघा. बहुतेक पुस्तकांत एन्सवर्थ म्हटलं की अमेरिकेतलं बाल्टिमोर येतं. पण बाईंचं मूळ काम बाल्टिमोरचं नाहीच, ते युगांडाचं! १९५४-५५ मधे कंपालाच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन, ओसरीवर बसून त्यांनी सव्वीस कुटुंबांतली बाळं आणि आया पाहिल्या. आई उठून गेली की बाळ काय करतं, परत आली की कसं बिलगतं, हे सगळं त्यांना आधी तिथे दिसलं, आणि बाल्टिमोरची ती खोली, ते खेळणी ठेवलेलं कोरं वातावरण हे नंतर आलं. कारण काय तर अमेरिकन बाळांना आई घरातल्या घरात आत-बाहेर करण्याची सवय होती, त्यांना काही वाटतच नव्हतं, मग मुद्दाम अनोळखी जागा तयार करावी लागली. म्हणजे जो सिद्धांत आपण ‘पाश्चात्त्य’ म्हणून शिकवतो त्याचं बीज आफ्रिकेतल्या एका खेड्यातल्या अंगणात पडलंय. हे वर्गात सांगून बघा, पोरं कान टवकारतात.

आणि तुमच्या मुलीचा प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे. जपानमधे साप्पोरोला हाच प्रयोग केला तेव्हा आई परत आल्यावरही शांत न होणाऱ्या बाळांचं प्रमाण जास्त निघालं. तिथली बाळं आईपासून फारशी लांब राहिलेलीच नसतात, त्यांना ती खोली म्हणजे जरा अनोळखी नाही तर भयंकर वाटणार. उलट जर्मनीत बीलेफेल्डला आईकडे दुर्लक्ष करणारी बाळं जास्त निघाली. मग १९८८ मधे व्हॅन आयझेंडोर्न आणि क्रोनेनबर्ग यांनी आठ देशांतले बत्तीस अभ्यास एकत्र मांडले, आणि त्यात असं दिसलं की दोन देशांमधे जितका फरक आहे त्यापेक्षा जास्त फरक एकाच देशातल्या वेगवेगळ्या अभ्यासांमधे आहे. हे वाक्य मी तरुणपणी वाचलं असतं तर माझं निम्मं शिकवणं बदललं असतं. म्हणजे ‘ते’ आणि ‘आपण’ अशी सरळ रेघ मारता येत नाही. शहाद्याचं बाळ आणि पुण्याच्या फ्लॅटमधलं बाळ यांच्यातलं अंतर कदाचित पुणे आणि बाल्टिमोरपेक्षा जास्त निघेल.

तर माझं म्हणणं इतकंच की आंतरराष्ट्रीय म्हणजे शेवटचं वेगळं प्रकरण नव्हे. प्रत्येक प्रयोगाला तीन प्रश्न जोडायचे, कुठे झाला, कोणावर झाला, कधी झाला. फळ्यावर नाव आणि साल लिहितोच आपण, त्याच्या शेजारी गाव लिहायचं. मिलग्रॅम (वरून हुकूम आला तर माणूस दुसऱ्याला किती इजा करायला तयार होतो तो प्रयोग) म्हटलं की न्यू हेवन, १९६१, आणि मुख्य प्रयोगात फक्त पुरुष. पोरांना नकाशात दाखवायचं. मग पोरं आपोआप पुढचा प्रश्न विचारतात की आपल्याकडे केला असता तर.

अजून एक सांगतो, जळगावकर म्हणून राहवत नाही. भारतात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला १९१६ मधे, नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी, जे हार्वर्डला शिकून आले होते. आणि त्याच १९१६ मधे आपल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कलकत्त्याचे मोठे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य पुढे त्या अमळनेरला येऊन राहिले, साने गुरुजी तिथेच शिकले. त्या काळी मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाचंच धाकटं भावंड होतं, म्हणजे जगातला विचार खान्देशात शंभर वर्षांपूर्वीच येऊन बसला होता, बोरी नदीच्या काठी. पोरांना एकदा सहलीला न्या, अमळनेर काही लांब नाही.

सेट_नेट_तयारी_धुळे:

सगळ्यांच्या भावना कळतात पण मॅडम जरा व्यवहार बघा. तुमच्या पोरांना पेपरमधे विचारणार ए, बी, सी प्रकार सांगा, दहा मार्क. तिथे त्यांनी आजी कुठे होती लिहिलं तर तपासणारा शून्य देईल. ग्रामीण पोरांचं आधीच भाषेमुळे नुकसान होतं, त्यात आपण त्यांना टीका शिकवली आणि मूळ सिद्धांतच पक्का झाला नाही तर ती कुठलीच राहणार नाहीत. मी स्वतः साक्री तालुक्यातल्या खेड्यातून आलोय, मला कोणी प्रश्न विचारायला शिकवलं नाही पण पाठ केलं म्हणून प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची सेट परीक्षा निघाली.

फक्त एक गोष्ट तुमच्या बाजूची. नेट, म्हणजे तशीच देशपातळीवरची परीक्षा, तिच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात पहिलंच युनिट बघा, त्यात भारतातल्या मानसशास्त्राचा इतिहास आहे, स्वातंत्र्यापूर्वीचा, नंतरचा, सत्तरच्या दशकात सामाजिक प्रश्नांकडे वळलेला, ऐंशीच्या दशकातलं देशीकरण. पोरं नेमकं हेच युनिट सोडून देतात कारण बीएला त्यातलं काही कानावरूनही गेलेलं नसतं. तर तुम्ही सांगताय ते परीक्षेलाही उपयोगाचं आहे, फक्त आधी मूळ पाया पक्का करा मग फाटे फोडा.

केळीची_वखार:

मॅडम नमस्कार, मी मूळचा रावेर तालुक्यातला, घरी केळी, वडील आणि काका दोघं मिळून बागायत बघतात. मी मागची तीन वर्षं नेदरलँड्समधे आहे, मास्टर्स मानसशास्त्रातच केलं आणि आता इथेच एका प्रकल्पावर काम करतो. तुमची पोस्ट वाचून बीएचे दिवस आठवले, आमच्याही वर्गात सगळं असंच होतं, नाव साल प्रकार, नाव साल प्रकार.

इथे आल्यावर मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर पुस्तकातली ती ‘माणसं’ कोण आहेत ते. इथल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना ठरावीक तास दुसऱ्यांच्या प्रयोगात सहभागी व्हावं लागतं, तो अभ्यासक्रमाचा भाग असतो, त्याचे क्रेडिट मिळतात. अमेरिकेतही खूप ठिकाणी अशीच पद्धत आहे. म्हणजे संशोधकाला माणसं हवीत तर तो बाहेर जातच नाही, खालच्या मजल्यावर मानसशास्त्र शिकायला आलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं बसलेलीच असतात. त्यांच्यावर जे निघतं ते पुढे पुस्तकात ‘मानवी वर्तन’ म्हणून छापलं जातं आणि ते आपण शहाद्यात आणि रावेरला पाठ करतो. यात कोणाचा कट नाही, स्वस्त पडतं आणि सोपं जातं म्हणून होतं, पण परिणाम तोच. २००८ मधे जेफ्री आर्नेट नावाच्या संशोधकाने अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सहा मोठी नियतकालिकं तपासली तर त्यातले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले आणि ६८ टक्के तर एकट्या अमेरिकेतले. उरलेली सगळी दुनिया, म्हणजे आपण, चीन, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, सगळे मिळून चार टक्क्यांत. दोन वर्षांनी हेन्रिक, हाइने आणि नोरेनझायान यांनी अशा समाजांना ‘वीअर्ड’ हे नाव दिलं, पाश्चात्त्य, शिकलेला, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही या पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, आणि शब्दाचा अर्थही विचित्र. त्यांचं म्हणणं असं की हा समाज जगाचा नमुना तर नाहीच, बऱ्याच बाबतीत तो टोकाला असतो. ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगा, वर्षभर पुरेल.

पण साहेब म्हणाले (धुळेवाले) तेही पटतं, नुसती टीका शिकवून भागत नाही, पोरांना वाटलं पाहिजे की आपल्याकडे जे आहे तेही ज्ञान आहे आणि ते मोजता येतं. त्यासाठी माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ब्राझीलचं. रेसिफे शहरात कॅराहर पतिपत्नी आणि श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच पोरांकडे गिऱ्हाईक बनून खरेदी केली, १९८५ ला ते छापून आलं. एका बारा वर्षांच्या पोराला विचारलं, एक नारळ ३५ क्रूझेरोला तर दहा नारळांचे किती? पोरगा म्हणाला तीनाचे १०५, अजून तीन म्हणजे २१०, अजून चार पाहिजेत, म्हणजे ३१५, मग ३५०. शाळेत काय शिकवतात, दहाने गुणायचं तर शून्य लावा. त्याने शून्य लावलंच नाही, तो तीन-तीनाच्या भावाने पुढे गेला कारण गिऱ्हाईक तीन नारळ जास्त घेत असणार. रस्त्यावर या पोरांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, आणि तीच आकडेमोड नंतर कागद-पेन्सिल देऊन नुसत्या बेरजा-गुणाकार म्हणून दिली तर ३७ टक्के. तीच पोरं, तेच आकडे!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या काकांकडचा केळी भरणारा पोरगा आठवला, चौथीनंतर शाळा सुटलेली, पण गाडी भरली की क्विंटल आणि भाव धरून कटती वजा करून तो रक्कम सांगायचा आणि आमचं कॅल्क्युलेटर मागे राहायचं. आम्ही त्याला हुशार म्हणायचो पण बुद्धिमत्ता चाचणीच्या धड्यात तो कधीच आला नाही. तुमच्या वर्गात नंदुरबारच्या मिरची मार्केटला काम करणारी पोरं नक्की असतील. त्यांना सांगा, आठवडी बाजारात भाजीवालीचा हिशोब नुसता ऐकून लिहून आणा, ती कशी बेरीज करते ते शब्दाला शब्द. यंत्र नको, प्रयोगशाळा नको, इंग्रजी नको. आणि मग रेसिफेचा तक्ता शेजारी ठेवा.

इथली अजून एक पद्धत सांगतो, मास्ट्रिक्ट विद्यापीठ त्यासाठी ओळखलं जातं, दहा-बारा जणांचा गट, आधी व्याख्यान नाही, आधी एक प्रसंग देतात, पोरं बोलतात की आपल्याला काय माहीत आहे आणि काय शोधायला पाहिजे, मग वाचून येतात आणि पुढच्या वेळी त्यावर वाद घालतात. तुमच्याकडे कापसाच्या दिवसात दहाच जण येतात म्हणालात ना, त्या दिवसात ही पद्धत वापरून बघा. पन्नास जणांत जमत नाही, दहात फार छान जमते. आणि वाचायला ओपनस्टॅक्स नावाच्या संकेतस्थळावर मानसशास्त्राचं पूर्ण पाठ्यपुस्तक फुकट आहे, मोबाइलवर उघडतं. इंग्रजी आहे, पण तुम्ही एक पान मराठीत सांगून दिलंत तर पुढचं पान पोरं स्वतः ओढतात.

क्लिनिकल व्हायचं म्हणणाऱ्या ताईला सांगा, आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसतं एमए पुरत नाही. युरोपात साधारण पाच वर्षं शिक्षण आणि वर मार्गदर्शनाखाली एक वर्ष काम असा युरोपसायचा मानदंड आहे, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट. हे तिला आत्ताच माहीत असलं तर तिला योग्य वेळी योग्य फॉर्म भरता येईल, आमच्या बॅचच्या दोघीजणींना एमए झाल्यावर कळलं आणि वर्षं गेली.

धडगाव_पाडा:

ताई मी शिक्षक नाही, धडगाव-अक्कलकुवा भागात आरोग्याच्या कामात आहे, आशाताईंबरोबर पाड्यांवर फिरते, बोलणं-ऐकणं हेच काम. तुमच्या वर्गातून निघालेली पोरं उद्या आमच्यासोबत येणार म्हणून लिहिते.

आमच्याकडे एक पदवीधर मुलगा आला होता, हुशार, अभ्यासू. पाड्यावरच्या एका बाईला त्याने विचारलं, तुम्हाला नैराश्य वाटतं का? बाई त्याच्याकडे बघतच राहिली. नैराश्य हा शब्दच तिच्या जगात नाही. मग माझ्यासोबतच्या आशाताईने तिच्या भाषेत विचारलं तर ती बोलायला लागली, जीव लागत नाही, डोकं भणभणतं, रात्री काळजात धडधडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. सगळं अंगात सांगितलं, मनात काही नाही. तो मुलगा मला नंतर म्हणाला ताई हे तर शारीरिक आहे, पुस्तकात लक्षणं वेगळी होती. त्याची चूक नाही हो, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की दुःख प्रत्येक भाषेत वेगळ्या जागी दुखतं.

म्हणून आमच्या प्रशिक्षणात मी झिम्बाब्वेची गोष्ट नेहमी सांगते. तिथे हरारे शहरात डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मधे काम सुरू केलं, सगळ्या देशात हाताच्या बोटावर मोजण्याइतके मानसोपचारतज्ज्ञ, पैसे नाहीत, खोली नाही. मग दवाखान्याच्या अंगणात लाकडी बाक ठेवले आणि त्या बाकावर बसायला आधीपासून आरोग्यसेविका म्हणून काम करणाऱ्या आज्या! आणि त्या आज्यांनी डिप्रेशन शब्द वापरलाच नाही. शोना भाषेत एक शब्द आहे, कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. त्यावरून सुरुवात करायची. मग एकेक अडचण मोकळी करून बघायची, त्यातली एक निवडायची आणि त्यावर काय करता येईल ते बाईनेच ठरवायचं. २०१६ मधे त्याची रीतसर चाचणी छापून आली, २४ दवाखाने, ५७३ माणसं, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा आज्यांच्या बाकाचा गुण जास्त आला. आणि तो कुफुंगिसिसा शब्द अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत निदान पुस्तकाच्या २०१३च्या आवृत्तीत गेलाय. म्हणजे शब्द तिकडून इकडेच येतात असं नाही, इकडून तिकडेही जातात, फक्त कोणीतरी नीट ऐकून लिहून घ्यावे लागतात. आपल्या गोव्यातही साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात असंच काम केलंय, विक्रम पटेलांच्या गटाने, त्याचे निकाल २०१० मधे आले.

माझी एक विनंती. तुमच्या पोरांकडून मनाच्या त्रासाचे शब्द गोळा करून घ्या, भिली, पावरी, अहिराणी, गुजरी, जे असतील ते. आजीला विचारायचं, जीव नीट नसला की तुम्ही काय म्हणता. आम्हाला फार उपयोग होईल. फक्त पोरांना आधी बजावा की घरातल्या माणसाची खासगी गोष्ट वर्गात आणायची नाही, फक्त शब्द आणायचा. आणि कोणी खरंच अडचणीत दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा.

तोरणमाळचा_वारा:

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, मी दोनदा वाचलं. सर, एक शंका राहिली. स्टाफरूममधे मी युगांडाचं सांगितलं तर एक सहकारी लगेच म्हणाले, बघा म्हणजे पाश्चात्त्य मानसशास्त्र चुकीचंच, आपल्या ग्रंथांत सगळं आधीच सांगितलंय, तेवढंच शिकवा. मला ते खटकलं पण नीट उत्तर देता आलं नाही.

जुना_मास्तर_जळगाव:

ताई, खटकलं ते बरोबरच खटकलं. अलाहाबादच्या दुर्गानंद सिन्हांनी आयुष्यभर हा विषय लावून धरला, १९८६ मधे त्यांनी भारतातल्या मानसशास्त्राचा सगळा प्रवास मांडला, आणि परदेशी चौकट जशीच्या तशी उचलण्यावर त्यांची कडक टीका होती. पण सिन्हा स्वतः केंब्रिजला शिकलेले आणि ते ग्रंथ उघडून बसले नाहीत, ते खेड्यात गेले, शेतकऱ्यांशी बोलले, दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तिकडे फिलिपिन्समधे विर्जिलियो एन्रिकेझनेही तेच केलं, ‘कापवा’ हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द घेतला, दुसऱ्यात आपणच आहोत अशा अर्थाचा, आणि त्यावर अभ्यास उभा केला. ग्रंथात सांगितलंय हे उत्तर झालं तर वर्ग तिथेच संपतो, अमेरिकेत सिद्ध झालंय म्हटलं तरी तिथेच संपतो. दोन्हीकडे पोरगं पाठच करणार.

आपल्याच भागातलं जुनं उदाहरण घ्या, व्ही. व्ही. कामतांनी धारवाडला बसून १९३०च्या दशकात बिनेची बुद्धिमत्ता चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. मूळ चाचणी फ्रान्सची, तिची अमेरिकन आवृत्ती स्टॅनफर्डची, आणि कामतांनी नुसतं भाषांतर केलं नाही, आपल्या मुलांना देऊन कुठला प्रश्न कोणत्या वयाला बसतो ते पुन्हा तपासलं. बिने-कामत आजही वापरात आहे. त्यांनी ती फेकली नाही, नमस्कारही केला नाही, घासून घेतली.

आणि वर्गात काहीतरी लगेच करून बघायचं असेल तर जोन मिलरचा १९८४चा अभ्यास घ्या, म्हैसूर आणि शिकागो. त्यातला एक प्रसंग असा, एक वकील मोटरसायकलवर मागे एकाला बसवून चाललाय, मागचं चाक फुटतं, मागचा पडतो, डोक्याला मार लागतो. वकील त्याला दवाखान्यात पोचवतो आणि डॉक्टरांशी नीट न बोलता कोर्टात निघून जातो, आणि तो माणूस दगावतो. वकील असा का वागला? शिकागोची मोठी माणसं जास्त करून म्हणाली माणूसच बेजबाबदार. म्हैसूरची मोठी माणसं म्हणाली कोर्टाचं कर्तव्य होतं, गडबडला असेल, जखम तितकी वाटली नसेल. आणि खरी मेख पुढे आहे, दोन्हीकडची आठ वर्षांची मुलं जवळजवळ सारखीच बोलत होती, वय वाढत गेलं तशी फट वाढत गेली. म्हणजे फरक रक्तात नाही, वाढण्यात आहे. आधी उत्तर सांगू नका, फक्त गोष्ट सांगा आणि लिहून घ्या.

सेट_नेट_तयारी_धुळे:

सर हा मिलरचा संदर्भ मी नेटला पाठ केला होता, पण तो दवाखान्याचा प्रसंग आज पहिल्यांदा कळला. मॅडम, करून बघितलं तर इथे लिहा नक्की.

तोरणमाळचा_वारा:

केलं. काल सोळा जण होते. गोष्ट मी म्हसावदहून नंदुरबारच्या कोर्टात निघालेल्या वकिलाची म्हणून सांगितली, बाकी तसंच ठेवलं, आणि अर्धं पान लिहायला सांगितलं, ज्याला जी भाषा येईल त्यात. मला वाटलं होतं सगळी म्हैसूरसारखीच येतील. तसं झालं नाही. नऊ जणांनी परिस्थिती लिहिली, तारीख चुकली तर अशिलाचा दावा जाईल, घाबरला असेल. पण सात जणांनी सरळ लिहिलं की माणूस वाईट आहे, आणि त्या सातातली पाच पाड्यावरची. मी विचारलं का रे असं, तर एक मुलगा म्हणाला मॅडम आमच्याकडे पडलेल्या माणसाला सोडून कोणी जात नाही, दवाखान्यात एकाला नेलं तर दहा जण सोबत बसतात, रात्रभर. कोर्ट उद्याही असतं. म्हणजे तो वकिलाला दोष देत होता, पण शिकागोवाल्यांसारख्या कारणाने नाही, तो त्याच्या गावाच्या रीतीने मोजत होता. मग वर्गात जे भांडण लागलं ते तास संपला तरी चालू, नऊवाले म्हणत होते तुमच्याकडे कोर्टाची तारीख म्हणजे काय ते माहीत नाही, आणि पाड्यावरची पोरं पहिल्यांदा आवाज चढवून उत्तर देत होती. सोळा कागदांवरून काही सिद्ध होत नाही हे मी त्यांना सांगितलं, मग त्यांनीच विचारलं किती कागद लागतील, आणि मला नमुना निवडीचा धडा, जो दरवर्षी झोप आणतो, तो उभ्या-उभ्या शिकवता आला.

धुळेकर दादा, तुमचंही ऐकलं, शेवटची दहा मिनिटं मिलरचं नाव, साल आणि परीक्षेला लिहायचं उत्तर फळ्यावर दिलं, खाली गाव पण लिहिलं. आजी कुठे होती विचारणाऱ्या मुलीला कंपालाची गोष्ट सांगितली, ती काही बोलली नाही, पण नकाशाच्या पुस्तकात युगांडा शोधत बसली होती.

धडगावच्या ताई, तुमच्या शब्दांसाठी पोरांना रविवार दिलाय. आत्तापर्यंत चौदा आलेत. अहिराणीचे लिहून काढले. पावरीतला एक आहे, तो देवनागरीत कसा लिहायचा यावर दोन मुलींचं अजून एकमत होत नाही, म्हणून त्यांच्या आजीच्या तोंडून रेकॉर्ड करून आणायला सांगितलंय, आला की तुम्हाला तसाच पाठवते.